लांबून बघायची अक्षरं

सापगाव,
ता. ९ नोव्हेंबर २००८

चि. सौ. अनितास,
महिपतदादाचे आशीर्वाद. आमी इकडे ठीक, धसईला तुमी सगळी ठीक असाल.

तू फोन करतेस आणि मी दोन शब्दांत ठेवून देतो, म्हणून रागावलीस असं तुझी वहिनी, भिमा, सांगत होती. राग नको गो. फोन आला की घरात असतील ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पत्र लिहिताना कोणी बघत नाय.

परांचीवरून पडलो त्याला दहा महिने झाले. कमरेखाली अजून काहीच कळत नाय. भिमा सकाळी माझं सगळं आवरून, जेवण उशाशी ठेवून भातगिरणीत कामाला जाते, ती पाचला येते. तोवर वर छप्पर आणि खिडकीत शेजारच्या गोठ्याची भिंत. शेजारचा बारकू आणि त्याचे भाऊ म्हणतात, खाटेसकट उचलून अंगणात ठेवतो. मी नाय म्हणतो. शहापुरात दुकानादुकानावर शिडी लावून चढलेला पेंटर लोकांनी असा उचललेला का बघावा?

खरं सांगू, पडलो नसतो तरी बसूनच असतो. फ्लेक्सचं मशीन आल्यापासून हाताने पाटी कोण लिहून घेतो? ब्रश येऊन घेऊन जा. ते समोर दिसले की जास्त त्रास होतो.

लोभ ठेव.
तुझा, महिपतदादा


धसई,
ता. २१ नोव्हेंबर २००८

ती. दादास,
अनिताचा सा. न. वि. वि.

ब्रश नेणार नाय. माझ्या लग्नात मांडवाच्या दारावर तू माझं नाव एवढं मोठं रंगवलंस, की व्याह्यांना आपलं नाव शोधावं लागलं. सासूबाई अजून टोमणे मारतात. असा माणूस ब्रश देऊन टाकतो?

प्रियांका मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते ना, ती सांगते की इंटरनेटवर हाताने केलेल्या वस्तू विकतात. फोटो टाकायचा, आवडलं की लोक मागवतात, आपण पार्सल करायचं. मला अर्धंच कळलं. पण तू हायवेला ट्रकांच्या मागे मोर आणि वाघ काढायचास, तसे लहान पत्र्यावर काढ. वीतवीतभर तुकडे कापून घेतलेत. रविवारी तुझी भाची प्रियांकाच घेऊन येईल. तिला परत पाठवू नको.

वहिनींना नमस्कार. माया असू दे.
तुझी, अनिता


सापगाव,
ता. १५ फेब्रुवारी २००९

चि. सौ. अनितास, आशीर्वाद.

रंगवलेले अकरा पत्रे विकले गेले, हे तुला माहीत आहेच. पहिला मोर बंगळूरला गेला तेव्हा भिमा हसली, हे माहीत नसेल. उताणा पडून, पत्रा लावलेला पाट छातीशी उभा धरून काढतो. हात भरून येतो, पण दिवस जातो. संध्याकाळ कधी झाली ते कळत नाय, असं कितीतरी दिवसांनी झालं.

पण काल एका बाईंचं पत्र आलं. लिहितात, चित्र ठेवायला जागा नाय, तरी तुमच्या अवस्थेला मदत म्हणून घेतलं. प्रियांकाला खोदून विचारलं तेव्हा कळलं. इंटरनेटवर माझा खाटेवरचा फोटो आणि खाली वाक्य, अंथरुणाला खिळलेल्या कलाकाराला हात द्या.

अनिता, मी हात मागितला नव्हता. मोर आवडला तर घ्या, नायतर राहू दे. घराबाहेर निघत नाय ते लोकांनी बघू नये म्हणून, आणि तुमी मला जगभर दाखवलात. फोटो आणि वाक्य दोन्ही काढायला सांग. भिमा म्हणते, येणारे पैसे कशाला अडवता. म्हणू दे.

महिपतदादा


धसई,
ता. १९ एप्रिल २००९

ती. दादास, सा. न. वि. वि.

दोन महिने लिहायचा धीर झाला नाय. प्रियांकाला बोलू नकोस. ते वाक्य माझं होतं, फोटोही मीच दिला. पोरगी नको म्हणत होती. तुझी चित्रं तशीच विकली जातील असा मला भरवसा नव्हता. हे लिहिताना लाज वाटते.

ते दोन्ही काढल्यापासून एकही मागणी नाय आली. मग परवा पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं. त्यांच्या वडिलांचं अकोल्याला सायकलचं दुकान होतं. दुकान गेलं, पाटी मोडली, वडील थकलेत. जुना फोटो पाठवलाय, तशीच पाच फुटी पाटी हाताने लिहून हवी. तुला चालता येत नाय, हे त्यांना ठाऊक नाय. सांगायचं की नाय, ते तू ठरव. या वेळी मी मध्ये नाय.

रागव, पण तोडू नको.
अनिता


सापगाव,
ता. २४ मे २००९

चि. सौ. अनितास,
दादाचे खूप आशीर्वाद. राग गेला.

पाटी घेतली. पाच फुटांचा पत्रा खाटेवर आडवा, निम्मा लिहायचा, सरकवायचा, मग उरलेला. पुरी झाली, पण मला ती एकदम कधी दिसलीच नाय. पाटीची अक्षरं रस्त्यापलीकडून बघावी लागतात, जवळून सगळीच बरी दिसतात. भिमाला विचारलं, ती म्हणाली, छान. ती सगळ्यालाच छान म्हणते. दोन दिवस तसाच पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी बारकूला हाक मारली आणि सांगितलं, उचला.

खाट रस्त्यापलीकडे ठेवली, पाटी आमच्या दारात टेकवली. आधी उन्हाने डोळे उघडेनात. मग बघितलं तर ‘सायकल’चा ल डावीकडे कललेला आणि पुढचा शब्द लांब पळालेला! एवढी चूक मी विसाव्या वर्षीही केली नसती. असा वैतागलो की बारकूवरच ओरडलो, पाटी सरळ धर म्हणून. समोरची सकुबाई, सुट्टीतली पोरं, निम्मा गाव उभा राहून माझ्याकडे बघत होता, ते मला नंतर कळलं.

पाय हललेले नाय, उगाच देवाला नवस बोलू नकोस. परत आत आणलं, तेच छप्पर, तीच भिंत. प्रियांकाला पुण्याला एवढंच लिहायला सांगितलंय, की आठ दिवस जास्त लागतील, पेंटरला चालता येत नाय, पाटी लांबून बघायला त्याला उचलून न्यावं लागतं. तिला म्हटलं, उशिराचं कारण म्हणून लिही, त्यापुढे एक शब्द नको.

ल पुसून पुन्हा लिहिलाय. बारकूला उद्या परत बोलावलंय.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा, महिपतदादा