पाच छर्रे, एक भोक

३ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री.

हरलो. म्हणजे टीम हरली आणि खापर माझ्या डोक्यावर. एअर रायफलच्या पाच छर्‍यांत घंटा एकदाच वाजली. लेन प्रॉबर्टने नेमाच्या पत्र्यावर पुन्हा पांढरा रंग फासता फासता अख्ख्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, काय रे मर्व्हिन, डोळेबिळे दाखवलेस का कुणाला? कॅप्टन झाल्यापासून याला शिंगं फुटली आहेत. हा हाफ पँट घालून लिंबू सरबत प्यायचा, तेव्हापासून मी 'लेम हेरन' पबसाठी घंटा वाजवतोय.

डोळ्यांचा काय संबंध? सहा यार्डांवर गोल पांढरा पत्रा, मध्ये काळं भोक, भोकामागे घंटा. झोपेत उठवलं तरी मला तो समोर दिसतो. दोष छर्‍यांचा आहे. डबा उघडला तेव्हाच संशय आला होता. यंदाचा मालच भिकार.

जोआन बफ्टनने पाचही वाजवल्या. शाळेची बस चालवते ती, राखीव म्हणून घेतलं होतं. कुठले छर्रे वापरतेस विचारलं, तर म्हणे, बघितलं नाही रे बाबा, दुकानात समोर होते ते उचलले. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

फायनल १७ मार्चला, आमच्याच पबमध्ये. लेन म्हणतो, जो घंटा वाजवेल तो खेळेल, जुना-नवा बघणार नाही. बरं. बघतोच.

५ फेब्रुवारी

संकल्प: माझ्या रायफलला मानवणारा छर्रा शोधून काढायचा. प्रत्येक बंदुकीची आवड निराळी असते. दुकानदारही तेच म्हणाला. छर्‍याच्या डोक्याचं माप केसभर हललं तरी नेम हलतो. जर्मन न्या, चेक न्या, इंग्लिश न्या, घरी मारून बघा. शहाणा माणूस. सगळे आणले.

ग्लेंडाने पिशवीत डोकावून विचारलं, एवढे डबे कशाला, लढाईवर निघालायस का? बायकोला सगळं समजावून सांगत बसलं तर संसार व्हायचा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

परसात चाचणी. टोकाला कुंपणालगतच्या खांबावर कार्ड, शेडच्या दारात मी. प्रत्येक डब्यातले पाच-पाच.

जर्मन: बशीएवढा पसारा. चेक: बशी. इंग्लिश: ताट. आपल्या देशाचा माल म्हणून आणखी एक संधी दिली. पुन्हा ताट. एवढा नालायक माल कारखान्यातून बाहेर पडतोच कसा?

ग्लेंडा खिडकीत चहा घेऊन उभी. म्हणाली, डोळे असे किलकिले काय करतोयस? म्हटलं, नेम धरतोय, भरतकाम करत नाही. मग म्हणाली, चष्म्याच्या दुकानातून तपासणीचं पत्र आलंय, मागचं पण तू टाकून दिलंस. दिलं टाकून. हेही टाकणार. माणसाने पासष्टी ओलांडली की या चष्मेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

१० फेब्रुवारी

छर्‍यांना कारखान्याचं तेल आणि शिशाची भुकटी लागलेली असते. तीच नडते. सगळे धुतले. चहाच्या गाळणीत घेऊन, भांड्यांच्या साबणाने. यॉर्कशायर पुडिंगच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये सुकवायला टाकले, मंद आचेवर.

ग्लेंडा घरी आली. तिने गाळणी, ट्रे आणि माझा एप्रन असं सगळं कचर्‍याच्या डब्यात घातलं. म्हणाली, शिसं खाऊ घालून मारणार आहेस का मला? इतकी ओरडली की वरच्या खोलीतला रेडिओ ऐकू येईना. चूक तिचीच. बाजारात जाते तर जरा उशिरा यावं.

संध्याकाळी मॅच. धुतलेल्या छर्‍यांनी घंटा एकदाही वाजली नाही. उघड आहे, तेल पूर्ण निघालं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आता वजन. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मागवला. प्रत्येक छर्रा तोलायचा आणि एका वजनाचे एकत्र ठेवायचे. काटा फालतू निघाला. आकडे इतके पुसट की तीन का आठ तेच कळत नाही. शेवटी ग्लेंडाला शेजारी बसवलं. ती मटार सोलत आकडे सांगत होती. तिला म्हणे लांबूनही स्वच्छ दिसतात. बायकांना अशा क्षुल्लक गोष्टी बर्‍या जमतात.

एकदा तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, मर्व्ह, खरंच दिसत नाही का रे? मी उठून शेडमध्ये गेलो. राग आला की मी शेडमध्ये जातो.

२४ फेब्रुवारी

मॅच. लिहिण्यासारखं काही नाही.

१ मार्च, रविवार

सापडला.

जर्मन, पण दुसर्‍या खेपेचा माल. डब्याच्या बुडाशी खेपेचा नंबर असतो, सगळी गोम त्या नंबरात. सकाळी ऊन तिरपं होतं, डोळ्यांवर येत होतं, तरी बसलो. पाच मारले. आवाजही कसा खणखणीत. कार्ड आणायला गेलो तर कार्डावर एकच भोक. एकच. पाचही छर्रे एकावर एक. असं मी आयुष्यात पाहिलं नाही. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

ग्लेंडाला दाखवलं. तिने कार्ड उजेडाला धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, पाच छर्‍यांचं भोक जरा तरी मोठं नको का व्हायला? म्हटलं, परफेक्ट म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. ती भांडी घासायला गेली.

लेनला फोन केला. म्हणाला, अजून पाच मारून बघ. का म्हणून? एकदा सिद्ध झालं ते झालं. दुकानदाराला फोन करून त्या खेपेचे सगळे डबे माझ्यासाठी ठेवायला सांगितले. त्यातला एकही जोआनच्या हाती लागता कामा नये.

कार्ड फ्रेम करून शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिथला लग्नाचा फोटो जरा सरकवावा लागला.

५ मार्च

शेजारच्या बेव्हनच्या बाजूने माझ्या कांद्यांच्या वाफ्यात पाणी येतंय. नुसता चिखल. स्वतः मुलीकडे टेनबीला जाऊन बसलाय आणि इथे नळ चालू ठेवून गेला असणार. आला की धरतोच त्याला.

१० मार्च, मंगळवार. रात्री.

रायफल शेडमध्ये आदळून लिहायला बसलोय.

नव्या छर्‍यांनी पहिला मारला. शांतता. दुसरा मारला. शांतता. तिसर्‍याच्या वेळी छर्रे कुठे लागले ते सांगणारा पोरगा पत्र्याजवळ जाऊन शोधायला लागला आणि म्हणाला, काका, हा पत्र्यावर नाहीच आहे, मागच्या फळीत गेलाय. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी स्पष्ट सांगितलं, पबवाल्याने दिवा बदललाय. पबवाला म्हणाला, दिवा वर्षभर तोच आहे. खोटारडा.

लेनने मला बाहेर बोलावलं. खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणाला, मर्व्ह, फायनलला जोआन खेळेल. तू सँडविचचं बघ, आणि सोडतीची तिकिटं विक, लोक तुझं ऐकतात. सँडविच! मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आईबद्दलही बोललो, ती बिचारी माझ्याशी कायम चांगली वागत आलीय. तो सगळं ऐकून घेत उभा राहिला. त्याचा जास्तच राग आला.

११ मार्च

कुणाशी बोलत नाही. ग्लेंडाने खिम्याचे फॅगट गोळे आणि मटार केले होते. खाल्ले, पण बोललो नाही.

संकल्प: मंगळवारी फायनलच्या आधी ते कार्ड घेऊन पबमध्ये जायचं. सगळ्यांसमोर टेबलावर आपटायचं. लेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच पाहिजेत. जोआनने परत बस चालवावी. मी खेळणार.

१४ मार्च, शनिवार

सकाळी बेव्हन दारात. चपला चिखलाने भरलेल्या. मी तोंड उघडायच्या आतच सुरू झाला. म्हणाला, मर्व्हिन प्रीस, माझं पावसाच्या पाण्याचं पिंप रिकामं झालंय, त्याला भोकं पडलीत, आणि मला माहितेय ती कुणी पाडलीत. माझी मांजर झोपते रे त्याच्या झाकणावर.

माझा तिळपापड झाला. म्हटलं, माझे छर्रे कुठे जातात ते मला माहीत आहे. आत जाऊन फ्रेम आणली, त्याच्या नाकासमोर धरली. पाच छर्रे, एक भोक, बघ. तो म्हणाला, चल, दाखवतो. गेलो. ग्लेंडाही मागून आली, हात पुसत.

पिंप हिरवं, त्याच्या शेडला टेकवलेलं. कुंपणाच्या वरून माझ्या खांबाच्या जरा डावीकडे दिसतं. त्यावर कंपनीचं लेबल. गोल, पांढरं. मध्ये पाण्याचा गडद निळा थेंब. आणि त्या थेंबात चार भोकं. अंगठ्याने झाकली जातील इतकी जवळजवळ.

ग्लेंडाने माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, आणि म्हणाली, म्हणजे उरलेले चार इथे आहेत.

मी म्हणणार होतो की वारा होता. पण त्या सकाळचं सगळं आठवलं. पहिला छर्रा कार्डावर मारला, मान खाली घालून बंदूक भरली, वर बघितलं तर समोर गोल पांढरं, मध्ये काळं. घंटेचा पत्रा. मी त्यावरच मारत बसलो. परसात घंटेचा पत्रा कुठून येणार, हा विचारसुद्धा मनात आला नाही.

बेव्हनला नवं पिंप आणून देतो म्हटलं. मांजरीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, असू दे, चहा घेणार का? याचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटत होती.

निघताना ग्लेंडा लेबलाजवळ वाकली आणि वाचायला लागली. लहान मुलांना झाकणावर चढू देऊ नये. उन्हापासून दूर ठेवावे. थेंबाखाली दोन ओळी, चांगल्या ठसठशीत, तिच्या बोटाएवढी अक्षरं. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिने वाचेपर्यंत तिथे अक्षरं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

रात्री

छर्रे उत्तम आहेत. इंग्लिशसुद्धा.