दिव्याखालचा दयाळ

५ मार्च १९३८, जळगाव

आली एकदाची वीज. खांब आमच्याच दारासमोर, आणि दिवा थेट अंगणातल्या लिंबाला लागून. गल्लीत मान वाढला. सौ.ने पेढे वाटले.

६ मार्च

लिंबावरचा दयाळ रात्री दीडला गायला लागला. शेपटी वर, छाती पुढे — पहाट झाल्यासारखा. अकरा वर्षं दयाळाची पहिली शीळ मी वहीत मांडतोय. मार्चात पाचच्या आत कधी नाही. दीड कसा लिहायचा? लिहिला.

९ मार्च

पुन्हा तेच. आज एक चाळीस.

शेजारच्या भिकुबाई त्याच्या शिळेवर उठतात. सकाळी तणतणत आल्या. "मास्तर, तुमनं पाखरू येडं व्हई गये. दोन वाजता मी दळाले बसनू." मी पाखराच्या वतीने माफी मागितली.

मुंबईच्या पक्षिमंडळाला सविस्तर पत्र टाकलं.

१९ मार्च

मंडळाचं उत्तर. एकच ओळ — 'आपले घड्याळ तपासून घ्यावे.' सौ. इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

२० मार्च

साक्षीदार बसवले. हेडमास्तर तोतारामपंत आणि पत्र्याचं काम करणारे नूर महंमद. हेडमास्तर बाराला घोरू लागले. दीडला दयाळाने तान घेतली तशी दचकून म्हणाले, "चहा झाला का?" त्याच गुंगीत त्यांची सही घेतली. नूर महंमदांनी शुद्धीत केली. दोन्ही सह्या मुंबईला रवाना.

२६ मार्च

मन थाऱ्यावर नाही. लिंबाच्या ढोलीत पिल्लं आहेत. मादी एकटी अळ्या आणून थकते. हा रात्रभर गातो, दिवसा दोन खेपा करतो आणि धुण्याच्या दोरीवर पेंगतो. छातीचं हाड दिसतंय.

दुपारी तिथेच मांजरीने झडप घातली. सौ. काठी घेऊन धावली म्हणून वाचला. शेपटीचं एक पीस गेलं. मी वही काढली तर म्हणाली, "त्याच्या गाण्याची वेळ लिहिता. तो मरायला टेकलाय, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?"

रात्री दिवा झाकण्यासाठी अर्ज लिहिला.

२७ मार्च

नगरपालिकेत अर्ज द्यायला निघालो होतो. नूर महंमद म्हणाले, "मास्तर, अर्जी का जवाब दिवाली को आयेगा. पंछी तब तक रुकेगा?" रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून टोपडं केलं आणि स्वतः खांबावर चढून दिव्याला बसवलं. आता उजेड रस्त्यावर, लिंबावर अंधार.

२८ मार्च

पाच वाजून बारा मिनिटं.

३ एप्रिल

मंडळाचं पत्र! 'साक्षी वाचल्या. प्रकार खरा असल्यास आपल्या नावानिशी मासिकात छापू. सेक्रेटरी स्वतः ५ तारखेस रात्री ऐकण्यास येत आहेत.'

माझं नाव. मासिकात.

नूर महंमदांना विचारलं, टोपडं एका रात्रीपुरतं काढायला किती वेळ लागेल. म्हणाले, "पाच मिनट. बोलो, कब निकालूं?" मी विचार करून सांगतो म्हटलं. घरी दयाळ पिल्लांना उडायला शिकवत होता. स्वतःच दोनदा फांदी चुकला.

६ एप्रिल

सेक्रेटरी अंगणात खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसले. दयाळ पाच वाजता गायला. गाडीला निघताना म्हणाले, "मास्तर, हा तर साधाच दयाळ आहे."

"हो साहेब," मी म्हटलं, "अगदी साधा."