बुशचा खलबत्ता

८ जाने.
मिक्सरनं हात टेकले. चमचाभर डाळ-गाजर भांड्याच्या कडांना चिकटून बसतं, पातं मधे रिकामं गरगरतं. सेक्टर ६ च्या बाजारातून आणलेला प्लास्टिकचा मॅशर पहिल्याच बटाट्यात वाकला. पुरणयंत्रातून उतरतं छान, पण ते धुताना जीव जातो. सहा महिन्यांची पोर, खाणं वाटीभर, आणि ओट्यावर भांड्यांचं दुकान.
शेवटी सासऱ्यांनी माळ्यावरून खलबत्ता काढला. कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी स्वतः लेथवर कातून केलेला. पिवळाधमक, जड. "घे बेटा. माही पोरं याच्यावरच वाढली."

१५ जाने.
खलबत्ता एकदम पसंत. भाजलेले तांदूळ-मूग हवे तेवढे जाड-बारीक होतात. शिजवलेला पालक-टमाटरही त्यातच. चिनूनं आज वाटी चाटूनपुसून संपवली.
कुटायला राजूभाऊजी. यांचे थोरले भाऊ. चाळिशी उलटली, पण शाळा तिसरीपुढे गेली नाही, बोलणंही लहान पोरासारखं. लहानपणी तापात डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. चिनू त्यांच्याकडे बघत बघत जेवते. त्यामुळे माझी चैन.

२१ जाने.
जेवताना सहज विचारलं, बाबा, पितळ आहे का हे?
"पितळ नोहे. बेअरिंगच्या जुन्या बुशचा, म्हंजे मशीनच्या कड्याचा माल. काई होत नाई त्याले."
यांचा घास हातातच राहिला. हेही मशीन शॉपमध्येच कामाला. मला आत बोलावून हळूच म्हणाले, "बुशमध्ये शिसं असते. थोडं का होईना, रहता ही है. लहान पोरांच्या डोक्याले वाईट."
आणि मी त्यात टमाटर ठेचत होते. आंबट.
खलबत्ता पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ढकलला. बाबांना सांगितलं, जड पडतो हो मला.

२३ जाने.
शिसं तपासायला डॉ. बाईंनी चिनूचं रक्त घेतलं. नमुना बाहेर जाणार, वेळ लागेल. ती एकदाच किंचाळली, मी जास्त रडले.
खाणं आता स्टीलच्या वाटीत, काट्यानं. गाठी राहतात. तिला चालतात, मलाच चालत नव्हत्या. हे आधी सुचलं असतं तर...
राग राग होतो आहे. म्हाताऱ्यावर काढावा तर त्यानं प्रेमानं दिलेला. भाऊजी सारखे ओट्याशी. "वहिनी, बत्ता कुठी गेला?"

२७ जाने.
भाऊजींनीच पोतं शोधून बाहेर ओढलं. मग यांनी बाबांना सगळं सांगितलं. बाबा भडकतील म्हणून मी उत्तरं घोकून तयार होते. ते भडकले नाहीत. "मले मालूम असतं तर मी कावून केला असता?" एवढंच. रात्री जेवले नाहीत. मी आग्रहही केला नाही. दोन घास वाढायला काय जात होतं माझं?

३ फेब्रु.
रिपोर्ट आला. डॉ. म्हणाल्या, काळजीचं नाही, काही महिन्यांनी परत बघू. चिनूला इतकं घट्ट धरलं की ती चिडली. देवापुढे साखर ठेवली, तीच वाटी घेऊन बाबांकडे गेले.
त्यांनी हात पुढे केला नाही. "पोरीचं बरं झालं. राजूचंही रक्त पाहता येते का बेटा?"
हे म्हणाले, "बाबा, इतक्या वर्षांनी काय समजणार? तो तापच होता. मीही त्यातलंच खाल्लं, मले काय झालं?"
बाबा म्हणाले, "पोरं म्हणलो मी, पण तुया वेळेस घरात मिक्सर आला होता. त्यातलं एकट्या राजूनंच खाल्लं."
हे उठून बाहेर गेले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रिपोर्ट वाचता येणारी, डॉक्टरीणबाईंशी बोलणारी मीच. उद्या लस आहे, दवाखान्यात जायचंच आहे. भाऊजींना सोबत न्यायचं का, ते मी अजून बाबांना सांगितलेलं नाही.