साहेबांची खुर्ची

३ जून
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या जवळचे लोक लिहून ठेवतात. मंत्रीसाहेब आमच्या हॉस्पिटलात ॲडमिट झाले. सकाळी चौकशीची नोटीस आली, दुपारी छातीत दुखणं आलं. आमचे चेअरमन त्यांचे सख्खे मेहुणे. गाडीपासून व्हीलचेअर ढकलली कोणी? मी. तीन वर्षं ढकलतोय, पण आज खुर्चीला वजन होतं.

५ जून
लिफ्टचं दार लागलं की साहेब उठून उभे राहतात. सातव्या मजल्यावर उघडायच्या आत पुन्हा बसतात. मला म्हणाले, अरे, चाकाला तेल घाल. इतक्या आपुलकीनं कोण बोलतं?

६ जून
आईला फोन. १५ तारखेला सरकारी दवाखान्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. चार महिने थांबून तारीख मिळालीय. म्हटलं, कॅन्सल कर. इथंच एसी खोलीत करू, साहेबांचा एक शब्द पुरे. ती बघू म्हणाली.

९ जून
आज विचारणार होतो. साहेब पहाटे जिन्यानं फिरायला निघाले. सात मजले खाली, सात वर. मी मागे. वर पोचलो तेव्हा मलाच दम लागलेला, शब्द फुटेना. उद्या नक्की.

१० जून
साहेब डॉक्टरांबरोबर पत्ते खेळत होते. हरत होते. अशा वेळी काम काढू नये. एवढी अक्कल चौथीत शाळा सोडूनही आहे.

१२ जून
सिस्टर म्हणाल्या, त्यांना तुझं नाव तरी माहितीय का? जळतात. साहेब मला 'अरे' म्हणतात. नाव परक्यांना लागतं.

१३ जून, दुपार
गेटवर टीव्हीवाले. साहेबांची तब्येत विचारली. संधी चालून आली. टीव्हीवर कौतुक केलं की साहेब खूश, तेव्हाच आईचं काढायचं. ठणकावून सांगितलं, "असं हॉस्पिटल जगात नाही. साहेब सात मजले चढतात, दम लागत नाही. तेही पहिल्या दिवसापासून."

१३ जून, संध्याकाळ
चौकशीवाले साहेबांना घेऊन गेले. मी खुर्ची आणली. राहू दे, जिना आहे, चौकशीवाले म्हणाले. जाताना साहेबांनी माझं नाव विचारलं. शेवटी विचारलंच.

१४ जून
तळघरात बदली, चादरी धुण्याच्या खात्यात. ऑर्डर खुद्द चेअरमनसाहेबांची. म्हणजे वरपर्यंत ओळख आहेच. पण उद्या आईची तारीख, आणि ती मीच घालवली. आईजवळ राहणारी वहिनी फोन उचलत नाही. जेवण गेलं नाही.

१६ जून
आईचाच फोन. ऑपरेशन काल झालं. तारीख तिनं कॅन्सल केलीच नव्हती. म्हणाली, "तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून कोणाचा तरी खास माणूस आहेस." आज पट्टी काढली तर वॉर्डातल्या टीव्हीवर मीच. सगळं लख्ख दिसलं म्हणे. मी विचारलं, कसा दिसलो?
"शर्ट बगलेत उसवलाय. शिवून घे."

१७ जून
तळघरात चादरी शिवणारा आहे. त्याच्याशी माझी चांगलीच ओळख झालीय. शर्ट दिला. म्हणाला, चादरींच्या खाली ठेव, नंबर आला की बघू.