वीसपैकी सतरा

प्रिय लीव्हन,

आधी तक्रार. तुझी कन्या आमच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला आल्यापासून तिचा पांढरा कोट आणि माझे सदरे एकाच मशीनमध्ये धुतले जात होते. त्यामुळे जानेवारीपर्यंत माझ्या अंगाला शवविच्छेदनाच्या खोलीचा वास मारत होता, आणि आधीच मोजके असलेले माझे संस्कृतचे विद्यार्थी मागच्या बाकांवर सरकले. मी फेबेकडे रीतसर निषेध नोंदवला. ती म्हणाली, "रिककाका, तुम्ही मेलेल्यांची भाषाच शिकवता ना? मग धंदा एकच की आपला!" माझ्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या आजवर कुणी केली नव्हती.

जानेवारीत निकाल लागला. शरीररचनेत वीसपैकी सतरा. तू फोनवर म्हणालास, "बाकीचे तीन कुठे सांडलेस गं?" तुझी थट्टा मी शाळेपासून सोसत आलोय, मला ती कळते. तीही हसली. मग फोन ठेवला, समोरचं सूप तसंच टाकलं आणि वर निघून गेली.

त्यानंतर माझे सदरे सुवासिक झाले. मी दोन आठवडे खुशीत होतो, काय सांगू! आमचे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, अभावालाही पदार्थ मानतात. एखादी गोष्ट नाही, हेही ज्ञानच. आयुष्यभर मी हे पोरांना शिकवलं आणि माझ्याच घरात ते मला उशिरा कळलं. फेबे रोज सकाळी कोट घेऊन बाहेर पडत होती. कोटाला वास मात्र नव्हता.

मंगळवारी ती मला कालव्याकाठच्या बाकावर दिसली. मांडीवर न उघडलेला डबा. मी शेजारी बसलो. म्हटलं, "वैद्यकशास्त्र हल्ली बदकांवर शिकवतात वाटतं?" ती हसली नाही. म्हणाली, "नापास झाले असते तर बरं होतं, काका. रडायला कारण तरी मिळालं असतं. सतरा मिळालेल्या मुलीला जमत नाही, हे कोण मानेल? आजी प्रत्येक पेपराला चर्चमध्ये मेणबत्ती लावते. बाबांनी तर दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावापुरती जागाही सोडलीय." मग म्हणाली, "बाबांना सांगू नका हं." मी मान हलवली. ती होकाराची होती असं तिला वाटलं असावं.

तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू म्हणालास, "अरे, पहिल्या वर्षी सगळेच रडतात, मीही रडलो होतो." लीव्हन, ती रडत नाहीये. रडली असती तर हे लिहीत बसलो नसतो. काल तिनं तिची सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "आता मला कुठे जायचंय?" ती खाली स्वयंपाकघरात आहे, मी आजचे तास रद्द करून घरी थांबलोय, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी तिला भेटायचं कबूल केलंय. पण मी तिचा बाप नाही. दवाखाना बंद कर आणि मेल वाचताक्षणी नीघ. आल्यावर परीक्षेचं काही विचारू नकोस, नुसता तिच्याजवळ बस. तिच्या अभ्यासाची मला काळजी नाही. ती जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
रिक