कानात काहीही नको

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर हल्ली तू हो, बरं आणि ठेवते एवढंच बोलतेस. तेवढ्यासाठी मी खुर्चीतून उठणार नाही. तुझी आई ठीक आहे. गुडघ्याची तक्रार करते आणि दिवसातून सहा वेळा जिना चढते. मी सांगणं सोडलं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या रस्ता सुरक्षा समितीचा नियम एक तारखेपासून साऱ्या जिल्ह्यात लागू झाला, म्हणजे तुमच्या गावालाही. सायकल चालवताना कानात काहीही नको. दोनदा दंड, तिसऱ्यांदा सापडलं तर कामावर सायकल चालवणाऱ्याचा बिल्ला जप्त. हे वाक्य माझं. बाकीचे सभासद आवाज किती मोठा चालेल आणि कुठल्या रस्त्यावर, यावर दोन पानं लिहून बसले होते. मी म्हटलं, चौकातला पोलीस आवाज मोजत बसणार आहे का? एक सवलत ठेवली की तिच्यातून हत्ती जातो. समोरच्या शिंप्याचं तुला माहीत आहे. टँकर मागून येत होता, मी फाटकातून तीनदा ओरडले. त्याच्या कानात वायरी. चौथ्यांदा ओरडायची वेळच आली नाही.

म्हणून विचारते, आणि उत्तर सरळ हवं. गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा केसांआड, कानामागे काहीतरी चमकलं. मी तीन प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांवर तू नुसती हसलीस. रक्ताच्या नमुन्यांची पेटी लावून दिवसभर भर रस्त्यात सायकल हाकणारी मुलगी कानात गाणी घालून फिरते? तीही माझी भाची? आजच्या आज ते काढून टाक आणि काढल्याचं कळव.

रागावले आहे. तेवढ्यानं माया आटत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी
मावशी

ता. ९ मार्च

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबच्या जिन्यात उभ्यानंच वाचलं आणि तिथेच बसले.

गाणी नव्हती, मावशी. कानाची मशीनं आहेत, दोन्ही कानांना. सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात, नस हळूहळू निकामी होते आहे, कारण सापडत नाही, गेलेलं परत येणार नाही, पण मशीननं काम भागेल. आईला सांगितलं नाही, कारण ती रडेल. तुला सांगितलं नाही, कारण तू रडणार नाहीस, पण दुसऱ्या दिवशी मला सायकलवरून उतरवशील.

लॅबमध्येही कुणाला माहीत नाही. आमच्याकडे ज्याला काही होतं त्याला तळघरात ट्यूबा धुवायला बसवतात. पाठ धरलेले एक काका तिथे आहेत, चार वर्षांत त्यांनी दुपारचं ऊन पाहिलेलं नाही. मी सकाळी सात दवाखान्यांतून नमुने उचलते आणि दोन तासांच्या आत पोचवते. दवाखान्यातल्या सिस्टर मला बघून घड्याळ लावतात. एवढं एक काम मला चोख येतं. ते गेलं तर मी काय आहे ते मला सांगता यायचं नाही.

तुझा नियम आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलिसानं अडवलं. कानातलं काढा म्हणाला, मी काढलं. मग तो काय बोलतोय ते ऐकू येईना. परत घालायला गेले, तर त्याला वाटलं मी खिजवते आहे. शेवटी बहिरी आहेस का असं ओरडला, तेवढं ऐकू आलं. मी हो म्हटलं, ते त्याला आणखीच उर्मट वाटलं. मशीन दाखवलं तर म्हणाला, काहीही नको असं लिहिलंय, मशीन चालेल असं कुठे लिहिलंय ते दाखवा.

कुठे लिहिलंय, मावशी? एक पावती झाली. तो नियम बदलून घे. आणि आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

धाक तुझाच वाटतो आणि आधारही तुझाच. दोन्ही असू देत.

तुझी
भिंगरी

ता. १३ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. सात महिने लपवलंस. त्याविषयी भेटीत बोलू, त्याला पत्र पुरायचं नाही.

नियम आत्ता बदलता येणार नाही. लागू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि मीच उठून माझ्याच भाचीसाठी सवलत मागितली तर कुंपणच शेत खातंय म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. खरं सांगायचं तर मशीन आणि इअरफोन दहा पावलांवरून सारखेच दिसतात. आज तुला सोडलं की उद्या अख्खं गाव बहिरं होईल. शिवाय ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं मोटारींच्या गर्दीत सायकल घालावी, हेच मला पटलेलं नाही.

समितीची बैठक दहा एप्रिलला आहे. तोवर लॅबमध्ये खरं काय ते सांग आणि पायी चाल. नियम आहे तो आहे. तो माझ्या घरच्यांनी सगळ्यांच्या आधी पाळायला हवा.

शहाण्यासारखी वाग. तुझ्या आईला मी काही बोलले नाही, पण हे मला जड जातं.

तुझी
मावशी

ता. १९ मार्च

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

सोमवारी दुसरी पावती झाली. तिसरीला बिल्ला जाणार. म्हणून मंगळवारपासून नियम पाळते आहे. कानात काहीही नाही. मशीनं डबीत आणि डबी पेटीत, नमुन्यांच्या शेजारी. आज त्याच पोलिसानं माझ्या कानांकडे बघून मान डोलावली. शाबासकीच म्हण ना.

कसं वाटतं ते सांगते, कारण तुला माहीत असायला हवं. मशीन असताना मागून ट्रक येतोय हे कळतं, थोडं उशिरा का होईना. आता तो कळतो तो थेट कोपरापाशी. आधी हँडल थरथरतं, मग सावली पडते, मग ट्रक. दर दहा पायडलांना मी वळून मागे बघते आणि तेवढा वेळ पुढचं दिसत नाही. काल एक आजोबा वाचले, ते त्यांच्या स्वतःच्या चपळाईनं. आरसा लावून घेतला आहे, पण खड्ड्यांवरून तो नुसता थरथरतो.

नीट ऐकू न येणाऱ्यानं सायकल चालवू नये असं तू लिहिलंस. पण ठार बहिऱ्या माणसाला तुझ्या नियमाची काही हरकत नाही. त्याचे कान मोकळे आहेत ना, झालं. ज्याला थोडं ऐकू येतं आणि आणखी ऐकायचं आहे, त्याचीच तेवढी अडचण. कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली आली होतीस ना तू?

पायी सात दवाखाने होत नाहीत. उलट उत्तर देते आहे असं वाटलं तर वाटू दे, पण पत्र टाकू नकोस.

तुझी
भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र मिळताच लिहिते आहे. उद्यापासून मशीनं कानात घाल, नाहीतर सायकलला हात लावू नकोस. दंड होऊ दे, बिल्ला जाऊ दे. मी लिहिलेला नियम मीच मोडायला सांगते आहे, हे पत्र जपून ठेव, कुणी विचारलं तर दाखव.

तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही. शोधलं, सापडलं नाही. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता आणि नियम मात्र सगळ्यांना लावला.

उलट टपाली दोन ओळी पाठव. दोनच पुरेत.

तुझी
मावशी

ता. २९ मार्च

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही. ट्यूबा धुणारे काका लिहून देताहेत. माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. बाकी मी धड आहे, म्हणून आधी हेच लिहायला सांगितलं.

तुझं बावीस तारखेचं पत्र चोवीसला आलं. पडले मी तेवीसला.

तिसऱ्या दवाखान्याच्या फाटकातून औषधांची गाडी मागे येत होती. मागे येताना ती मोठ्यानं वाजत होती म्हणे. सिस्टरना खिडकीत ऐकू आलं, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं, सगळे मला हाका मारत होते म्हणे. मी आरशात मागचा ट्रक बघत होते. पेटी उलटली. तिच्यात एका चार वर्षांच्या मुलीच्या मणक्यातून काढलेलं पाणी होतं. ते सांडलं. तिला पुन्हा धरून, पुन्हा सुई घालून काढावं लागलं. मनगटाचं काही नाही, मावशी, पण ते मनातून जात नाही.

मशीनं डबीत शाबूत सापडली, त्यामुळे लॅबला सगळं कळलं. लॅबच्या मोठ्या मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. प्लास्टर निघाल्यावर तळघरात बसायला सांगितलं आहे. मशीन लावून सायकल चालवायला परवानगी आहे असा जिल्ह्याचा लेखी कागद आणलास तरच पुढचं बोलू, म्हणाल्या. काका म्हणताहेत की तळघर इतकंही वाईट नाही. ते त्यांनीच त्यांच्या मनचं घातलं आहे, मी सांगितलेलं नाही.

दहा तारखेला तुला योग्य वाटेल ते कर. मी आता मागत नाही. आईला मात्र घेऊन ये, एका हातानं वेणी घालता येत नाही.

तुझी
भिंगरी

ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हे पत्र आईलाही वाचून दाखव. ती तिथे रडून घेऊन आता कामाला लागली असेल.

तुमच्याकडून परत आले ती आधी शिंप्याच्या बायकोकडे गेले. तो गेल्यापासून वर्षभर समोर राहून मी तिला कधी विचारलं नव्हतं की त्याच्या कानात नेमकं काय होतं. ती म्हणाली, गाणीच. कापड बेतताना, जेवताना, सायकलवर, सारखी गाणी. म्हणजे नियम खोटा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा मला लिहिता आला नाही.

कालच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडली. ऐकू यावं म्हणून लावलेलं मशीन या नियमात धरू नये, आणि पोलिसानं अडवलं तर समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सावकाश विचारावं. एक सभासद म्हणाले, मशीनवाल्यांनी पाठीवर पिवळा पट्टा लावावा. मी म्हटलं, मग चष्मेवाल्यांपासून सुरुवात करू. त्यांचा चष्मा जाड आहे, ते खाली बसले. मग मी तुझी गोष्ट सांगितली. नातं लपवलं नाही. त्या लहान मुलीचंही सांगितलं.

चार जण बाजूनं, चार विरुद्ध. राहिले मी. अध्यक्ष म्हणाले, भाची तुमची, तुम्हाला मत देता येणार नाही. ते खरं होतं. गेल्या वर्षी एका सभासदाच्या मेहुण्याचं काम आलं तेव्हा मीच त्याला खोलीबाहेर बसवलं होतं. मी गप्प राहिले असते तर दुरुस्ती पडली असती, माझं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि तू तळघरात गेली असतीस. मी म्हटलं, आक्षेप नोंदवा, नातं नोंदवा, आणि माझं मत बाजूनं नोंदवा.

बराच वाद झाला. पाच विरुद्ध चार असं लिहिलं गेलं. त्यानंतर मी राजीनामा दिला. राहा म्हणून कुणी आग्रह केला नाही, त्याचं मला हसू आलं.

चुकलं का? चुकलं. पुन्हा असंच करशील का, ते विचारू नकोस.

सोबत ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आहे. मॅडमना ती तू स्वतः नेऊन दे, आईला पाठवू नकोस. एक मेपासून लागू आहे, त्याआधी एक दिवसही सायकलवर बसायचं नाही. मनगट भरू दे. पोलिसानं अडवलं तर खाली उतर, विचारेल त्याचं उत्तर दे, फणकारू नकोस. त्यालाही हे नवीन असेल.

माझ्यावरचा राग सरला असेल तर लिही. सरला नसेल तरी लिही.

तुझी
मावशी