मोजेवाले सर

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

आज तुझ्या बाबांच्या नावाचा कार्यक्रम झाला. कॉलेजची गाडी न्यायला आली होती, परत सोडायलाही तीच आली. मेडिसिन विभागाच्या शिकवण्याच्या हॉलला त्यांचं नाव दिलं. दाराबाहेर पाटी लावली आहे, अक्षरं जरा मोठीच आहेत. भाषणं झाली, चहा झाला. घरी येऊन कपडे बदलले, थोडा वेळ पडले, डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, पण तिथे काम दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्याचं. बाबा म्हणायचे, हिच्याशी बोलायचं तर आधी नंबर लावावा लागतो.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवली होती. तू कळवलंस, रजा मिळत नाही. जावयांनी मात्र मागच्या आठवड्यातच फोन करून सांगितलं होतं, की तू हॉस्पिटलची नोकरीच सोडलीस आणि यापुढे पेशंट बघणार नाही म्हणतेस. नोकरी सोडलेल्या माणसाला रजा कोण नाकारतं गं? मी रागावले नाही. तूही त्यांच्यावर रागावू नकोस, तू नीट जेवत नाहीस म्हणून घाबरून केला त्यांनी फोन. पण तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. बाबा गेले. त्यांच्यामागे तुझं डॉक्टर असणंही गेलं, तर या घरातली दोन माणसं गेल्यासारखं होईल.

कार्यक्रम चांगला झाला, ते आधी सांगते. मुख्य भाषण बाबांच्या जुन्या विद्यार्थ्याचं, आपल्या लंबूचं होतं. आता विभागप्रमुख आहे, केस पिकलेत, पण माईक अजून त्याच्या पोटापर्यंतच पोचतो. त्याने स्वतःच्या नापास होण्याची गोष्ट सांगितली. परीक्षेत त्याच्यासमोर तापाचा पेशंट दिला होता. वर्गात पहिला येणारा मुलगा, त्याने तापाची सगळी कारणं धडाधड सांगितली, छाती तपासली, पोट तपासलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि वाकून पेशंटच्या पायातले मोजे काढले. बोटांच्या बेचक्यात जखम चिघळली होती. बाबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी या." हॉलमध्ये हशा पिकला. लंबू म्हणाला, "त्या दिवसापासून मी लग्नाच्या मांडवातसुद्धा लोकांच्या पायांकडे बघतो."

तू विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या वॉर्डात उभी राहिली आहेस, तुला हे नवीन नाही. मला मात्र ते सगळं ऐकूनच माहीत. पेशंट तपासायचा तर पायांपासून, आणि मोजे नर्सने काढायचे नाहीत, डॉक्टरने काढायचे. काढणाऱ्यानेच पुन्हा घालायचे. ते म्हणत, माणूस डॉक्टरला बघून चेहरा सावरतो, पाय सावरता येत नाहीत. एका म्हाताऱ्याचा मोजा अंगठ्याशी फाटका होता, तो लाजून पाय आखडायला लागला. बाबांनी सगळ्या मुलांसमोर स्वतःचा बूट काढला आणि म्हणाले, "हा बघा, माझाही तसलाच." खरंच तसला होता, मी रफू करायची विसरले होते. मुलांनी मोजेवाले सर म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. त्यांना ते आवडायचं. बाहेर नाही दाखवायचे, पण घरी येऊन मला सांगायचे, "आज मोजेवाल्याने बारा जणांचे पाय धरले."

आज सगळ्यांनी मोज्यांचेच किस्से सांगितले. कोणी म्हणालं, सरांमुळे एका बाईचा पाय वाचला. कोणी म्हणालं, सरांच्या धाकाने पोरं परीक्षेला नवे मोजे घालून यायची, जसं काही त्यांचेच काढणार होते. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसत होते, आणि हसता हसता तुझ्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. कारण बाबा कशाने गेले हे त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पायात धरलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली. आणि ती गाठ धरली त्या दिवसांत त्या पायातला मोजा कोणी काढला नव्हता. हे कोणी बोललं नाही. तो दिवस बोलण्याचा नव्हताही.

परीक्षक म्हणून त्या लांबच्या गावी बसने जाऊन आले, तेव्हापासून डावी पोटरी दुखते म्हणत होते. मी विचारलं तर म्हणाले, "स्नायू दुखावलाय, बसमध्ये पाय आखडून बसलो ना." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर तू की मी?" नेहमीप्रमाणे मुलं गप्पा मारायला येत होती. आता त्यांना मुलं म्हणायचं, सगळे चाळिशी-पन्नाशीचे, मोठमोठे डॉक्टर. बाबा पाय स्टुलावर ठेवून बसायचे, पायात ते राखाडी लोकरीचे मोजे. त्यांनीच सांगितलं स्नायू आहे, म्हणून सगळ्यांनी मानलं स्नायू आहे. एकाने मलम आणलं. एकाने शेकाची पिशवी आणून दिली. एवढे डॉक्टर घरात, आणि घरच्या घरी मोजा काढायला एक मिनिट लागलं नसतं. पण मोजेवाल्या सरांना पाय दाखवा म्हणायचं कोणी? त्यांना स्वतःला ओळखता आलं नाही, की ओळखायचंच नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

म्हटलं होतं ते फक्त तू. शेवटी येऊन गेलीस तेव्हा जेवणाच्या टेबलाशी म्हणालीस, "बाबा, मोजा काढा, बघते." ते हसले. म्हणाले, "मोजेवाल्याचा मोजा काढतेस? आधी परीक्षा पास हो." तू पास होऊन किती वर्षं झाली. तू म्हणालीस, "झालं, आता डिग्री परत करते," आणि हसत हसत बॅग भरायला गेलीस. पुढच्या आठवड्यात ते सकाळी दाढी करता करता धाप लागून खाली बसले. हॉस्पिटलमध्ये सगळं आटोपल्यावर तू येऊन पोचलीस, आणि तूच त्यांचा डावा मोजा काढलास. पोटरी दीडपट झाली होती. तू तो मोजा हातात घेऊन उभी राहिलीस, आणि मला वाटतं, तू अजून तिथेच उभी आहेस.

आज चहाच्या वेळी लंबू कप घेऊन माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "काकू, त्या आठवड्यात सर मला दारापर्यंत सोडायला आले होते. लंगडत होते. मी म्हटलं, सर, जिना उतरू नका, जपा. एवढं म्हणून मी गेलो. दुसरा कोणी असता ना काकू, तर जागच्या जागी आडवा करून मोजा काढला असता." एवढा उंच माणूस, कपाला तोंड न लावता वाकून उभा होता. मी म्हटलं, "चहा गार होतोय." मग विचारलं, उद्या वॉर्डात जाणार का. म्हणाला, "जावंच लागतं, काकू. उद्या नवी मुलं येतात." तुला सांगायचं ते एवढंच, की तू एकटी नाहीस. त्या हॉलमध्ये असे आणखी असतील, किस्से सांगून मोठ्याने हसणारे.

तुझं काही चुकलं नाही असं मी लिहिणार नाही. तुला ते पटणार नाही, आणि डॉक्टर तू आहेस, मी नाही. बाबांना काय वाटलं असतं तेही सांगत नाही. लोक आज दिवसभर तेच सांगत होते, सरांना असं वाटलं असतं, सरांना तसं वाटलं असतं. मला त्यांच्याबरोबर राहूनसुद्धा ते नेहमी ओळखता आलं नाही.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे, ते इतका वेळ टाळत होते. गेले काही दिवस मला जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. सपाट झोपलं की कोंडल्यासारखं होतं, म्हणून उशीवर उशी घेते. वयाचं असेल, नसेलही. कोणाला सांगितलेलं नाही. आज सगळ्यांनी विचारलं, "काकू, तब्येत?" मी म्हटलं, "छान." ते म्हणाले, "दिसतेच आहे." बाबांचा मान राखला तसा माझाही राखतील ती मुलं, फार गुणी आहेत. मला मान राखणारा डॉक्टर नको. कोणी "काही नाही गं" म्हटलं तर आता तू ते मुळीच ऐकून घेणार नाहीस, आणि असा डॉक्टर माझ्या माहितीत तू एकटीच आहेस. तेव्हा ये, आणि मला नखशिखांत तपास. मी "राहू दे" म्हणेन, सवय आहे, तू ऐकू नकोस. तुला वाटेल, आई हे मला कामावर परत आणायला लिहिते आहे. अर्धं तसंच आहे. उरलेलं अर्धं खरोखर धाप लागते म्हणून आहे. नाही आलीस तर लंबूकडे जाईन, आणि तो मला चहा पाजून परत पाठवील.

आता उठते. पलंगावरची चादर बदलायची राहिली आहे. या बाजूने टोक खोचायचं, मग फिरून त्या बाजूला जाऊन ओढायचं, की इकडचं सुटतं. मधे जरा बसावं लागतं. पण होतं हळूहळू.

तुझीच,
आई